सिलितोंगा सरांच्या सूत्रातलं सुटलेलं पद

…आणि वर आमच्या कॉलेजातले लोक मलाच विचारतात, "इमासबाई, तो ताळा करायला तुम्हाला सांगितलं होतं कुणी?" सांगितलं होतं कुणी म्हणजे? तुम्हाला सांगते, गारुतच्या कॉलेजातून तीन वर्षं अभ्यासरजा काढून मी बांडुंगच्या विद्यापीठात गेले, विषय काय, तर विद्युतभार असलेलं कृष्णविवर! म्हणजे विवर भारित असलं की भोवती विद्युत क्षेत्र, ते स्वतःभोवती फिरायला लागलं की जोडीला चुंबकीय क्षेत्र, आणि त्यात बाहेरून एक छोटासा भार जवळ नेऊन धरला की या सगळ्याचं काय होतं, एवढंच! आता असलं विवर कुणी पाहिलंय का? नाही. कुणी पाहणार आहे का? मला नाही वाटत. पण प्रबंध तर लिहायचा! लिहिला. तीन प्रकरणं, सदुसष्ट आलेख, आणि सगळे उभे कशावर? आमच्या मार्गदर्शकांच्या, सिलितोंगा सरांच्या, तीस वर्षांपूर्वीच्या सूत्रावर. सरांची निवृत्ती जूनमध्ये, माझी रजा संपते जूनमध्ये, तोंडी परीक्षेला उरलेत नऊ दिवस, आणि मला दुपारी चहा पिता पिता बुद्धी झाली, की एकदा ताळा तरी करून बघू. आता सांगा, चूक माझी का?

ताळा अगदी साधा हो! विवरापासून खूप खूप लांब जायचं आणि तिथून एकूण भार किती दिसतो ते काढायचं. विवराचा स्वतःचा, अधिक आपण नेऊन धरलेला छोटा, तेवढा यायला हवा. आला नाही! कमी आला. पुन्हा केला… तेवढाच कमी. संगणकाला सांगितलं, तोही मेला तेवढाच कमी म्हणाला!

घरी येऊन यजमानांना सांगितलं. आमचे ददांग पाण्याचे पंप दुरुस्त करतात. त्यांनी पाना खाली ठेवला नि म्हणाले, "आत घातलं तेवढं बाहेर दिसत नाही, म्हणजे मधे गळतंय कुठंतरी." बघा! एका मिनिटात! गळत नव्हतं, सूत्रातलं एक पद सुटलं होतं, आणि त्यापायी विवराच्या पोटात कुणीही न ठेवलेला उलटा भार तीस वर्षं जाऊन बसला होता. "मग सांग की सरांना!" म्हणे. सांग की! सर बाताक, मोठ्या आवाजाच्या मुलखातले, नुसतं "बसा" म्हणाले तरी खिडकीची काच हलते. मी सुंदानी बाई, आमच्याकडे सगळं हळू नि नमतं घेऊन, कुणी माझ्या पायावर पाय दिला तर माफी मी मागते! "नाहीतर राहू दे," ददांग म्हणाले, "एवढ्या लांबच्या विवरात जाऊन कोण बघतंय?" आणि खरं सांगते, दोन दिवस मी राहू दिलं. बोलले तर सरांचं नाव जातं, गप्प बसले तर जन्मभर खोटी पदवी मिरवायची. सांगा ना, चूक माझी का?

तिसऱ्या दिवशी गेले सरांच्या खोलीत. "सर, गुडघा कसा आहे?" "बरा." "काकू?" "बऱ्या." "ते ऑर्किड लावलं होतंत, त्याला फूल…" "इमास!" हलली काच. नजर माझ्या हातातल्या सूत्राच्या कागदावर. "तू रजा मागायला आलीयस की माझी चूक दाखवायला?" मी कागद पुढे सरकवला. सरांनी पेन्सिल उचलली. पाऊण तास, तुम्हाला सांगते, पाऊण तास नुसता पेन्सिलीचा आवाज! मग पेन्सिल ठेवली आणि इतक्या हळू बोलले की मी घाबरलेच. "या सूत्रावर मी अकरा जणांना डॉक्टर केलं गं." आणि उठून गेले. टोपी टेबलावर तशीच!

दुसऱ्या दिवशी आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. मग काकूंचा फोन, "काय केलंस गं त्यांना? आवडीचा मासा केला, ताटाला हात लावला नाही. अंगणात बसलेत नुसते." काय सांगू मी? पद सुटलं म्हणून? मी सगळे आलेख नव्याने काढत होते, आणि मनातल्या मनात गारुतची बस धरून प्राचार्यांसमोर रिकाम्या हातांनी उभी राहूनही आले होते. चूक माझी का? …तेव्हा मात्र मला वाटायला लागलं होतं, असेलही माझीच.

परीक्षेचा दिवस. पाच परीक्षक, खोली गच्च, त्या अकरांपैकी चौघे पहिल्या रांगेत. मी तोंड उघडणार, तेवढ्यात दारातून सर आले, थेट फळ्यापाशी! "आधी मी बोलतो. या सूत्रातली चूक माझी. तीस वर्षं कुणाला दिसली नाही, मलाही नाही. हिला दिसली. आता विचारा हिला काय विचारायचं ते." काय विचारलं, मी काय उत्तरं दिली, काही आठवत नाही. रडत रडत दिली एवढं ठाऊक आहे. पास झाले.

संपलं, असं वाटलं ना तुम्हाला? मलाही वाटलं! परवा सर इथे गारुतला आले, बसने, दुखऱ्या गुडघ्यानिशी, काखोटीला शेवयांचं खोकं. आत काय, तर त्यांचे बेचाळीस शोधनिबंध! "मी आहे तोवर कळू दे गं, आणखी कुठे कुठे चुकलोय," म्हणाले. "तुझ्याशिवाय मला कुणी सांगणार नाही." नाही म्हणायचं कसं, सांगा? काल पहिला उघडला, तिसऱ्या पानापर्यंत गेले, ताळा केला… आणि कपाळाला हात लावून बसले. ददांग म्हणाले, "काय, परत सुटलं एखादं पद?"

"नाही हो," म्हटलं, "या वेळी एक जास्त आहे."