ओळखीचा कागद

(चर्चच्या सभागृहामागची खोली. आत मावशी, तिची डॉक्टर भाची आणि ओळखीचा कागद हातात घेतलेले चर्चचे सेक्रेटरी. बाहेर माणसं चहा घेताहेत. दहा मिनिटांत चर्चच्या पन्नाशीचा कार्यक्रम सुरू होणार आहे.)

मावशी : पुन्हा वाचा. माझं तेवढं पुन्हा वाचा.

सेक्रेटरी : "डॉक्टरांच्या सोबतीला त्यांच्या मावशी. आरोग्यसेवेत प्रदीर्घ काळ कार्यरत. इंग्रजी न समजणाऱ्या ज्येष्ठांसाठी त्या मराठीत अनुवाद करतील." झालं.

मावशी : आणि हिचं?

सेक्रेटरी : डॉक्टरांचं जरा मोठं आहे. शिक्षण, पदव्या, दोन दवाखाने... अकरा ओळी.

मावशी : तिच्या बावीस करा, हुशार आहेच ती. पण मी आरोग्यसेवेत कधीपासून?

सेक्रेटरी : हॉस्पिटलमध्येच ना तुम्ही, ताई?

मावशी : हॉस्पिटलच्या धुलाईत. तळघरात. सव्वीस वर्षं रक्ताच्या, ओकारीच्या चादरी धुतेय. आधी थंड पाणी, मग गरम. उलटं केलं की डाग कायमचा बसतो. लिहा हे.

सेक्रेटरी : कसं आहे ताई, व्यासपीठावर जरा शोभेल असं बोलावं लागतं. बिशप आलेत.

मावशी : बिशपांच्या चादरी काय आपोआप धुतल्या जातात?

भाची : मावशी, प्लीज. वाचू दे ना त्यांना आहे तसं. कोण लक्ष देतंय?

मावशी : मी देतेय. आणि ते अनुवादाचंही खोडा हो. फादर मला काय म्हणाले? दोघी मिळून सूत्रसंचालन करा, एक मराठीत, एक इंग्रजीत. इथली अर्धी माणसं मराठीत प्रार्थना करतात. त्यांच्या वाट्याला काय उरलंसुरलं?

सेक्रेटरी : खोडतो. ते माझंच, चुकलं. पण आरोग्यसेवेची ओळ माझी नाही. तिला मला हात लावता येणार नाही.

मावशी : मग कोणाची?

सेक्रेटरी : मी जरा माइक बघून येतो.

मावशी : बसा. माइक कुठे पळून जात नाही.

भाची : मी लिहिली, मावशी.

मावशी : तू?

भाची : तुला कोणी नावं ठेवू नयेत म्हणून.

मावशी : मला कोण नावं ठेवतंय? वेदीवरचं कापड मीच धुते, मीच इस्त्री करून आणते. फादरांपासून घंटा वाजवणाऱ्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. ठाऊक नाही ते फक्त त्या दुसऱ्या रांगेत बसलेल्यांना. तुझ्या सासरच्यांना.

भाची : हळू बोल ना.

मावशी : थांब, थांब. तुझ्या लग्नात तुझ्या सासूबाई मला बाजूला घेऊन इंग्रजीत काहीतरी विचारत होत्या. गोळी जेवणाआधी घ्यायची की नंतर, एवढं कळलं मला. म्हटलं, बाई भलतीच मोकळ्या स्वभावाची दिसतेय, कोणालाही काहीही विचारते! काय सांगितलं होतंस गं तू त्यांना?

भाची : नर्स.

सेक्रेटरी : अरे देवा.

मावशी : तुम्ही मध्ये बोलू नका.

भाची : तू हॉस्पिटलमध्ये असतेस, एवढंच म्हटलं होतं मी. त्यांनी नर्स धरलं. मी काही बोलले नाही. त्याला आता चार वर्षं झाली, मावशी. कुठल्या तोंडाने सांगू?... तू काय उत्तर दिलंस त्यांना?

मावशी : जेवणानंतर, म्हटलं. देवाच्या कृपेने अजून धडधाकट आहेत.

भाची : सॉरी. खरंच सॉरी.

मावशी : तुझी आई गेली तेव्हा तू सहा वर्षांची होतीस. शाळा सुटली की थेट तळघरात यायचीस. धुऊन वाळलेल्या गरम चादरींच्या ढिगावर बसून पाढे म्हणायचीस, आणि सातापर्यंत पोचायच्या आत झोपायचीस. तेव्हा नाही गं लाज वाटली तुला. मला वाईट वाटलं, सोने. फार वाईट वाटलं. पण मी रडत बसणार नाही, आणि तोंड लपवून घरीही जाणार नाही.

सेक्रेटरी : ताई, मी एक सुचवू? "वस्त्रस्वच्छता विभाग" म्हटलं तर...

मावशी : तो कागद द्या इकडे.

सेक्रेटरी : अहो, फाडताय काय! एकच प्रत आहे!

मावशी : होती. आता ओळख मी करून देते. माझी आणि हिचीही. मी म्हणेन, मी हॉस्पिटलच्या चादरी धुते. ही माझ्या बहिणीची मुलगी, मी वाढवलेली. दातांची डॉक्टर आहे, हात हलका आहे तिचा. मावशी धुलाईत कामाला आहे हे सासरी सांगायची तिला लाज वाटते. एवढं झालं की करा तुमचा कार्यक्रम सुरू.

भाची : सगळ्यांसमोर?

मावशी : तू सगळ्यांसमोरच लपवणार होतीस की!

सेक्रेटरी : डॉक्टर, तुम्ही तरी काहीतरी बोला. लोक बसले, बिशपही बसले.

भाची : मावशी, सासूबाईंना मराठी एक अक्षर कळत नाही.

मावशी : मग काय, सुटलीस.

भाची : नाही. तू म्हण मराठीत, हवं ते म्हण. मागोमाग मी इंग्रजीत सांगते.

सेक्रेटरी : म्हणजे अनुवाद तुम्ही करणार?

भाची : हो, मी.

मावशी : बघ हं. त्या रांगेकडे बघून सांगावं लागेल.

भाची : बघून सांगेन.

मावशी : एकही शब्द न गाळता?

भाची : एकही नाही.

मावशी : लाजेचंसुद्धा?

भाची : ते तर माझंच आहे, मावशी.