दुपारी बाराचा संदेश

(१९४३चा शरद ऋतू, जपानमधलं मोजी बंदर. कप्तान सेइझो यांचं तेलवाहू जहाज उद्या दक्षिणेला निघायचं आहे. त्यांच्या घरी त्यांचा मेहुणा तोकुजी आलाय. तो नौदलाच्या बंदर-कचेरीत अधिकारी आहे. किनुए ही सेइझोंची बायको, तोकुजीची थोरली बहीण.)

किनुए — चहा निवतोय आणि तुमचं दोघांचं आपलं तेच चाललंय. घ्या तरी. रंग नाही आला त्याला, पण अजून गरम आहे.

सेइझो — तुझा भाऊ हो म्हणेल तर ना! तोकुजी, परत विचारतो. या फेरीत मी दुपारचा संदेश पाठवला नाही तर?

तोकुजी — नाही चालणार, भाऊजी. रोज दुपारी बाराला प्रत्येक जहाजानं आपण कुठे आहोत ते बिनतारी यंत्रावरून कळवायचं. हुकूम आहे.

सेइझो — हुकूम मला पाठ आहे. मी दुपारी कळवतो आणि अंधार पडायच्या आत शत्रूची पाणबुडी वाटेत हजर असते. जावयाची वाट बघावी तशी बघत असते मेली.

तोकुजी — योगायोग असेल.

सेइझो — कप्तान कात्सुमाताचाही योगायोगच का? गेल्या फेरीत मागेपुढे सुटलेल्या आमच्या जहाजांत एकट्या त्याचं यंत्र बिघडलं होतं. संदेश गेला नाही, आणि त्याच्याच तेवढी वाटेला पाणबुडी आली नाही. मी कसाबसा निसटलो. बाकीच्यांची माणसं मी पाण्यातून ओढून काढली, सापडली तेवढी. आणि तुमच्या कचेरीनं कात्सुमाताला काय दिलं? ताकीद!

तोकुजी — नियम मोडला होता त्यानं.

सेइझो — त्या ताकिदीवर सही कुणाची होती?

किनुए — तोकुजी? तुझी?

तोकुजी — कागद समोर येतो, ताई. मी सही करतो.

किनुए — मग चांगलंच आहे की. कात्सुमाताची बायको परवा मला विचारत होती, जिवंत परत आल्याबद्दल माफी कुणाकडे मागायची. आता तुझा पत्ता देते तिला.

सेइझो — जाऊ दे. तोकुजी, आपली सांकेतिक भाषा त्यांना फुटलीय. मला कळतं ते तुला कळत नाही, असं सांगू नकोस. तू लहानपणापासून माझ्यापेक्षा हुशार.

तोकुजी — कळतं हो! गेल्या महिन्यातच कळलं. नकाशावर संदेशांच्या टाचण्या मीच टोचतो आणि जहाज बुडालं की मीच काढतो. मला नाही कळणार? गेलो मी साहेबांकडे. म्हटलं, निदान महिनाभर संदेश बंद ठेवून बघू.

सेइझो — मग?

तोकुजी — हसले. म्हणाले, परक्याला आपली भाषाच जन्मात यायची नाही, मग त्यातलं गुपित काय कळणार?

सेइझो — योकोहामाला एक अमेरिकन कोळसेवाला होता. आमच्या मुकादमाशी ओसाकाच्या बोलीत घासाघीस करायचा, आणि दर वेळी जिंकायचा. तुमच्या साहेबांची भेट घालून द्यायला हवी होती.

तोकुजी — मी हट्ट धरला. तर त्यांनी दार लावून घेतलं आणि हळूच विचारलं, तुमचं मन खचलंय का? झालं. हा शेरा कागदावर आला की माणूस संपलाच. मग म्हटलं, बरं, तेलाच्या जहाजांबरोबर दोन लढाऊ नौका तरी द्या. तर म्हणाले, नौका मोठ्या लढाईसाठी राखून ठेवल्यात. व्यापारी जहाजांमागे फिरणं हे दाईचं काम, योद्ध्याचं नाही.

सेइझो — आणि त्या मोठ्या लढाईत नौका चालणार कशावर? पाण्यावर? तेल मीच आणतो ना? दीड वर्षापूर्वी हा सगळा समुद्र आपला होता रे. तेलाच्या विहिरी जिंकल्या, बेटं जिंकली. आपल्याला बुडवायला शत्रूला फार मोठं व्हायची गरजच पडली नाही. आपणच रोज दुपारी चोराला घराचा पत्ता कळवतोय, आणि कुलूप लावणं म्हणजे कमीपणा!

किनुए — अहो, सरळ पाठवू नका ना. समुद्रात कोण बघायला येतंय?

तोकुजी — दुसऱ्याच दिवशी विचारणा होते, ताई, आणि यांचं तर यंत्रही धड आहे. परत आल्यावर जहाज काढून घेतील आणि एखाद्या कोवळ्या पोराच्या हाती देतील. तो बिचारा इमानदारीत रोज बाराला कळवेल.

सेइझो — आणि माझी सगळी माणसं त्याच जहाजावर असतील. तेच तर सलतंय मला. माझं एकट्याचं असतं तर तुला विचारलंही नसतं.

तोकुजी — एक करता येईल.

सेइझो — बोल.

तोकुजी — तुम्ही गप्प राहायचं. दुपारी तुमचा वेग आणि दिशा धरून टाचणी मीच पुढे सरकवीन. संदेश आला, अशी नोंदही मीच करीन.

किनुए — आणि पकडला गेलास तर?

तोकुजी — तर माझंही मन खचलं होतं म्हणतील. ते खोटं तरी कुठाय?

सेइझो — उपकार झाले रे तुझे. पण मागून सुटणारी बाकीची जहाजं?

तोकुजी — एकाचं खपेल, भाऊजी. दुसऱ्याचं केलं की दोन्ही उघडी पडतील. बाकीची कळवत राहतील. आणि मी त्यांच्या टाचण्या काढत राहीन. यापलीकडे माझ्या हातात काही नाही, शपथेवर सांगतो.

सेइझो — म्हणजे आमचं जहाज वाचलं तर ते आपल्याच नौदलापासून लपून वाचलं. सांगायची सोय नाही कुणाला.

किनुए — थांबा जरा. तोकुजी, हे समुद्रावर असले की तू रोज दुपारी सायकलवरून या गल्लीतून जातोस. घंटी वाजवतोस.

तोकुजी — संदेश आला की वाजवतो. तुला कळावं म्हणून.

किनुए — ती ऐकल्याशिवाय मी जेवायला बसत नाही. आता संदेशच येणार नाही, तर तुला तरी काय कळणार?

तोकुजी — काहीच नाही. बंदरात जहाज दिसेपर्यंत काहीच नाही. पण घंटी वाजवीन ना, ताई. तेवढंच तुला बरं वाटेल.

किनुए — नको.

सेइझो — अगं, वाजवू दे त्याला.

किनुए — नको म्हणते ना. टाचणी सरकव, नोंद कर, काय खोटं लिहायचं ते लिही. पण उद्यापासून सायकल दुसऱ्या रस्त्यानं ने, बाबा. घंटी ऐकली तर मला ती खरीच वाटेल.