शिंगराला नावं ठेवताना

— नाही हो ताई, त्याच्याकडे बघूच नका तुम्ही, त्या कोपऱ्यातल्या शिंगराकडे! आपलं तुमच्या भल्यासाठी सांगतेय, तुमचे बूट नवेकोरे दिसतायत म्हणून — लिलावात पहिलाच घोडा घेताय ना? वाटलंच. माझा जन्म तबेल्यात गेला, ऐका माझं. बरगड्या बघा त्याच्या. खूर वाढून वाढून वर वळलेत, आयाळीचा नुसता गुंता, अंगावर गोचीड — आणि वय काय, तर दुधाचे दातसुद्धा पडले नाहीत अजून! कुणीतरी बांधून ठेवलं आणि विसरून गेलं. असलं घरी न्यायचं म्हणजे विकतचं दुखणं. काय म्हणालात?

मरतुकडं? मी म्हटलं का मरतुकडं? हाड बघा की त्याचं, पाय कसे सरळ आहेत — आणि खुरांचं काय एवढं, आमचा नालबंद हां हां म्हणता वळणावर आणेल. पोटाला मिळालं नाही हा काय त्याचा गुन्हा? पण तुम्ही नका घेऊ. चावतं ते. त्यापेक्षा तो पांढरा बघा ना, कसा गुटगुटीत आहे! तो लंगडतो, पण ते तुम्हाला कळायचं नाही — म्हणजे थोडासाच लंगडतो.

मला? नाही, मला कुठं चावलं, बाहीत तोंड खुपसून उभं राहिलं मघाशी. बरं, नाही चावत. अहो, धंद्याची रीतच आहे ती — जे जनावर घ्यायचं, त्याच्यापाशी उभं राहून मोठ्यानं नावं ठेवायची, म्हणजे बाकीचे फिरकत नाहीत — अगं बाई, हे तुम्हाला कशाला सांगितलं मी! सोडून द्या. सगळेच करतात. मलाच मेलीला धड जमत नाही. मी ठेवली नावं तर चालतात, पण दुसऱ्यानं री ओढली की माझं डोकंच फिरतं.

भित्रं? भित्रं कुणाला म्हणता? आत्ता घंटा वाजली तेव्हा तुमचा तो पांढरा केवढा बिथरला, आणि हे? हे आपलं शांत, कान टवकारून. डोळा बघितलात का त्याचा? अस्सा डोळा आमच्या घोडीचा. म्हातारी आहे ती आता. तिचा जोडीदार गेला हिवाळ्यात, तेव्हापासून भिंतीकडे तोंड करून उभी असते, चाऱ्याला तोंड लावत नाही. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, हिला औषध नको, सोबत द्या — लहान असेल तर उत्तम, हिनं दटावावं असं कुणीतरी हवं. आमचे हे म्हणतात, म्हातारीसाठी कुणी शिंगरू आणतं का? मी म्हटलं, मी आणते! सकाळपासून सगळे कठडे पालथे घातले, आणि हेच एक मनात भरलं. नाही मिळालं ना, तर ती जाईल हो. भीती वाटते मला घरी जायची.

थांबा, त्याचाच नंबर पुकारला. बघा, कसं चालतंय! कुणी बोली लावली? कुणी नाही, सगळे तोंडं फिरवून उभे. आता मी हात वर करणार — पण लगेच नाही हं ताई, उतावीळपणा दाखवला की भाव चढतो. आधी सगळ्यांना गप्प होऊ द्यायचं. आमचे वडील तर लिलाववाल्यानं हातोडा उचलला तरी नाक खाजवत उभे असायचे, आणि अगदी शेवटच्या क्षणाला असा हात — लोकांना कळायचंही नाही, जनावर दारात यायचं — एकदा तर काय झालं, एक तट्टू —

तुमचा हात वर का आहे?

ताई, हात — दोन वार म्हणाला तो? एक वार कधी म्हणाला? अहो थांबा, मी — अहो लिलाववाले —

पडला हातोडा.

आणि मी तट्टाची गोष्ट सांगत बसले.

काय? मी एवढं कौतुक केलं म्हणून? हो. मीच केलं. आग लागो माझ्या तोंडाला!

नाही, तुमच्यावर कशाला रागवू. ऐका, डावीकडून जा जवळ, आधी हात हुंगू द्या. खायला थोडंथोडं घाला, एकदम पोटभर नको, पोट फुगून मरेल. आणि एकटं ठेवू नका त्याला. बकरी आणा एखादी, काहीही आणा, पण शेजारी कुणीतरी असू द्या.

जा आता. घेऊन जा त्याला. नाही, तुम्ही बसू नका इथं — मला जरा गप्प बसायचंय.