बियाची डुकरीण

...मंग उतरवा ना जी डॉक्टरसाहेब पिल्लं, कायले जीपमंधी कोंडून ठेवता – भंडाऱ्यावरून लाखांदूर म्हणजे का कमी रस्ता झाला, तहानले असतील बिचारे. पहिले कोठा पाहाचा आहे? पाहा, पाहा. तुमी सांगतलं तसंच केलं – समदे डुक्कर काढून टाकले, वीतभर माती खोदून फेकली, भिताडाले दोनदा चुना मारला, अन् महिनाभर कोठा उन्हात उघडा टाकला. गावच्या बाया हासत होत्या – देवकाबाई, डुकराच्या कोठ्यात लगन आहे का कोणाचं? हासू द्या. आमची जमीन नाही साहेब, हे डुक्करच आमची जमीन, अन् आजचे हे पिल्लं आले तंच आमचं घर चालते, हे त्याइले काय ठाऊक. पण घरापेक्षा कोठाच चांगला दिसून राहिला, हे बाकी खरं आहे. आमच्या बुढ्यानं तं परवा दुपारी इथंच खाट टाकली – मीच उठवलं, म्हटलं डॉक्टरसाहेबांनं कोणालेच ठेवू नको म्हटलं आहे.

पावडरीचं आता नका काढू, चूक झाली. तुमी पाच दिवसांची देली होती – खोकला थांबला तरी पुरी द्याची म्हणून. पण दोन दिवसांतच जनावर खाऊन राहिलं, पिऊन राहिलं, खोकलून नाही राहिलं – मंग चांगल्या जनावराले औषध कायले? अशी आमची समज. उरलेली डब्यात ठेवली, अन् रोज तांदळाची कणकी शिजवली का चिमूटभर त्यात – मिठासारखी. अंगी लागन म्हटलं. शेजारच्या आनंदाबाईलेही देली, विरजण मागाले येते तशी वाटी घेऊन आली होती ते, नाही कसं म्हणाचं? अन् दुसऱ्या साली खोकला आला, तुमी तीच पावडर देली, तं डुकरांनं खाल्ली, ढेकर देला अन् मेले. तुमी म्हटलं, रोगाले पावडरीची सवय झाली. बरोबर आहे. सवयीचं तसंच असते – आमचा बुढा तीस वर्षांपासून माह्या शिव्या खाऊन राहिला, काही फरक आहे का? नाही. आता नाही घालत जी, चिमूटभरही नाही. डबा धुतला, त्यात हळद भरली.

थे? थे टोपलं – थे असंच. कणकी आहे. कोंबड्यांसाठी. – खरं आहे, कोंबड्या नाहीत आमच्याकडे. – आता तुमी पाहूनच राहिले तं सांगते. एक डुकरीण ठेवली. एकच. थांबा ना, पुरं ऐकून तं घ्या – समदे काढा म्हणजे समदे, इतकं मले समजते, मी का येडी आहे? पण आमच्या धानाच्या मुलखात, साहेब, घर उपाशी झोपते पण ढोलीतलं बियाचं धान कोणी कांडत नाही. माह्या मायनं एका साली मोहफुलं उकडून आमाले चारले, पण बियाच्या ढोलीले हात नाही लावला. मंग कोठा पुरा रिकामा कसा कराचा? बी तं ठेवाच लागते. अन् तुमची गाडी आलीच नसती तं? सरकारी गाडी! हातचं सोडून पळत्याच्या पाठी कोण लागते? म्हणून शेठाणीले – तेच नाव तिचं – ठेवलं. तिकडे तलावाच्या पाळीवर बांधते. खाले तेवढी इथं येते. – रोज? आता जेवाले तं रोजच येते ना जी.

पण ते बिमार नाही! ते कधी खोकलतच नाही, पाहा तुमी. ब्याऐंशीच्या हिवाळ्यात अकरा होते, एकटी ते वाचली. मंग तिच्या सोबतीले सात आणले – खोकलून खोकलून गेले, ते वाचली. मंग तिलेच नऊ पिल्लं झाले. पांढरेशुभ्र, तिच्या नाकाले नाक लावून झोपत. थेही गेले – एकेक उचलून मीच पुरले, दोन दिवस माह्या तोंडात घास नाही गेला – अन् ते बसून कणकी खाऊन राहिली होती. तिले काहीच होत नाही. म्हणून तं बियाले तिलेच ठेवली. दर वेळी मरणारे दुसरेच, अन् ते आपली तशीच. पहिल्यांदा होती, दुसऱ्यांदा होती, नऊ पिल्लं गेले तेव्हा बी – दर वेळी तेच –

काहून असं पाहता? – नका सांगू. समजलं मले – खोकला तिच्याच अंगात राहते.

ओ डायवरभाऊ, थांबा – फळी नका काढू. पिल्लं जीपमंधीच राहू द्या, खाली पाय नका लागू देऊ. – नाही जी, रडून नाही राहिली मी, चुन्यानं डोळे झोंबतात. माया आहे मले तिची, काहून खोटं बोलू? पोरगी सासरी गेली, बुढा बहिरा. माही हाक ऐकून पाळीवरून पळत येणारं थे एकच जनावर आहे.

घेऊन जा आज पिल्लं. माती पुन्हा खोदते, चुना पुन्हा मारते, तुमी म्हणान तितके दिवस कोठा रिकामा ठेवते – पुरा रिकामा, बियालेही कोणी नाही. पुढच्या महिन्यात या. पण आता निघा, साहेब. तिची जेवाले याची वेळ झाली, अन् तुमच्यासमोर मी तिले हाक नाही मारणार.