खंडेनवमीचं पंचामृत

मी महादेवी, मूळची मैंदर्गीची. घरात कानडी, शाळेत मराठी, म्हणून माझं बोलणं असं दोन्हीकडचं हाय, लिहिताना तुमी सरळ करून घ्या की. लगीन होऊन सोलापुरात आले. राजीचे वडील अक्कलकोट रोडला एमआयडीसीत मागावर व्हते, ते गेल्यावर मी त्याच कारखान्यात चादरी-टॉवेलाच्या कडा शिवायला लागले, आजून शिवते. राजी म्हंजे माझी पोरगी, एकुलती एक.

तिला चित्रांचा नाद लहानपनापासनं. कॉलेज झालं तसं एक जुना लॅपटॉप घेतला आन त्याच्यावर चादरीची डिझाईनं काढायला लागली, वरीसभर, सण न्हाय की सुट्टी न्हाय. कारखान्याच्या शेठला मीच भीत भीत विचारलं, पोरीचं काम बघता का, तर ते म्हणाले दसरा झाला की सोमवारी घेऊन या, आवडलं तर डिझाईनला ठेवून घेतो. काय सांगू तुम्हाला, त्या दिवशी माझी एक शिलाई सरळ आली न्हाय.

मग आली खंडेनवमी. आमच्या मैंदर्गीला अप्पा, म्हंजे माझे वडील, त्या दिवशी खुरपं, विळा, नांगराचा फाळ समदं धुऊन मांडायचे, पळीनं तीनदा पंचामृत घालायचे, हळद-कुंकू लावायचे, आन दसऱ्यापतोर कुणी हात लावायचा न्हाय, हत्यार इसाव्याला बसलंय म्हणायचे. ज्याच्यावर पोट त्याची पूजा. मीबी माझी कात्री मांडली, शिलाई मशीनला हार घातला आन मधी राजीचा लॅपटॉप ठेवला. एरवी त्याला नुसतं कुंकू लावलं असतं, पन सोमवार डोक्यात व्हता ना, म्हटलं अप्पांसारखी पुरी पूजा करू. राजी फुलं आणायला गेलेली. झाकलेल्याला कसं घालायचं म्हणून मी झाकण उघडलं आन आतल्या बटनांच्या अक्षरांवर तीन पळ्या घातल्या, दूध, दही, तूप, मध, साखर. पदरानं पुसलं, झाकण लावलं, वर झेंडूचं फूल ठेवलं. लई बरं वाटलं बगा.

दसऱ्याला सकाळी राजीनं फूल काढून बटन दाबलं. एकदा उजेड आला, जळका वास आला आन समदं काळं झालं. परत दाबलं, परत दाबलं, काय न्हाय. पोरगी तितंच खाली बसली. म्हणाली आई, चूक माझीच, जुनं मशीन मीच तापवून तापवून मारलं, डिझाईनं दुसरीकडं कुटं उतरवूनबी ठेवली न्हाईत. ती दिवसभर स्वतःला बोल लावत व्हती आन मी पुरणाच्या पोळ्या लाटत व्हते. मला कळलं व्हतं की, वास आला तवाच कळलं व्हतं. तरी मी पोळ्याच लाटत ऱ्हायले, सांगितलं न्हाय.

दुसऱ्या दिवशी दुरुस्तीवाल्याकडं गेलो. इलियासभाई त्याचं नाव, पिकल्या दाढीचा, डोळ्याला भिंग लावून बसलेला. त्यानं मागचे स्क्रू काढले, आत बोट लावलं, बोट चिकटलं. म्हणाला काय सांडलं. राजी म्हणाली कायच न्हाय. तो म्हणाला, कुछ तो गिरा है, पानी का इलाज अलग, चाय का अलग, सच बोले तो धोने को आता. राजी शपथ घ्यायला लागली. माझी पोरगी माझ्यापायी खोटी ठरत व्हती, मग मला ऱ्हावलं न्हाय. म्हटलं, भाऊ, पंचामृत. मी घातलं, तीन पळ्या.

इलियासभाई हसला न्हाय, हे त्याचं मोठेपण. एवढंच म्हणाला, मौसी, लगेच उलटं करून वाळवलं असतं, चालू केलं नसतं, तर वाचलं असतं. आन आमी तर त्याला इसाव्याला बसवलेलं, मध-साखर आत मुरत बसली. त्यानं स्पिरिटासारखं काय तरी घेऊन बारक्या ब्रशनं बोर्ड घासला, वाळवला, दुपार झाली, मशीन काय उठलं न्हाय. मग आतली डिस्क काढली, बोटाएवढी पट्टी, ती त्याच्या मशीनला जोडली. मी डोळे मिटून अप्पांना हाक मारली. उघडले तर समोर चादरी, एकीमागं एक, समद्या. राजी तवा रडली, तवर रडली नव्हती.

घरी येताना म्हणाली, आई, मशीनचं काय न्हाय गं, पन मी दिवसभर स्वतःला बोलत व्हते आन तू ऐकत व्हतीस. एवढंच म्हणाली. चिडली असती तर बरं झालं असतं. ते आजून टोचतं मला.

सोमवारी शेठनी डिझाईनं बघितली आन ठेवून घेतलं तिला. आता ती काढती त्याच चादरीच्या कडा मी शिवते. ह्या खंडेनवमीला नवं मशीन तिनंच मांडलं आन कुंकवाचा करंडा माझ्या हातात दिला, म्हणाली तूच लाव. झाकणावर टिकलीएवढं लावलं, बास. जुनं मशीन शेजारीच बसवतो, त्याला मातुर तीन पळ्या घालते, त्याचं आता काय बिघडायचं ऱ्हायलंय.

तुमचं भलं व्हावं, एवढं ऐकून घेतलं. चहा घ्या. पन ते तुमचं बोलणं टिपायचं यंत्र जरा तिकडं सरकवा. आन सांडलाच माझ्या हातनं, तर ह्या बारीला लगेच सांगते.