हाजराबीची शिवराई

जुनं नाणं विकत घेताना त्याला आधी नावं ठेवावीत, हे शहाणपण मला कुणी शिकवलं कोण जाणे! लढाईच्या दिवसांत मी बेलापूरला मास्तर होतो. तिथं बाजारात हाजराबी भाजी विकायची. तिच्या तागडीच्या हलक्या पारड्यात पासंग म्हणून चक्क एक शिवराई! अक्षरं अशी ठसठशीत, की दोन रुपयेही स्वस्तच.

मी चार आणे काढले आणि तोंड वाकडं केलं. "कड झिजलीय, अक्षरं पुसलीत."

तिनं शिवराई झटकन उचलली. "मग ऱ्हाऊ द्या मास्तर. किडकं वांगं बी मी कधी गिऱ्हाइकाला दिलं न्हाई."

"तशी फार खराब नाही हो!"

"तुमी शिकलेली मानसं. खोटं बोलाल व्हय?"

मग मी सुटलोच. कड शाबूत आहे, अक्षर न् अक्षर वाचता येतं, अशी शिवराई जिल्ह्यात सापडायची नाही, दोन देतो, तीन रुपये देतो!

हाजराबीनं शिवराई पदराच्या गाठीत बांधली आणि पारड्यात पासंगाला लिंबू ठेवलं.

"एवढा चोख माल इकाया मी काय येडी हाय? चार आने काढलेच हायेत, तर वांगी न्या."

आठ दिवस आमच्या घरी वांगी!