रामसूरतचा पोपट

कामतघरला रिक्षाच्या रांगेत माझ्यापुढे दोघी उभ्या होत्या. एकीच्या हातात ओढणीने झाकलेला पिंजरा होता.

"विनिता, पोपट कधी घेतलास?"

"घेतला न्हाय, ताई. आमचा भाडेकरू रामसूरत कापडाचा लूम बंद पडल्यावर गावाला गेला, तो देऊन गेला. आठ वर्षं त्याच्याकडं होता."

"रमला का तुझ्याकडं?"

"आधी मिरचीलासुद्धा चोच लावंना. मग रामसूरत रोज सकाळी फोन करायला लागला. त्याचा आवाज ऐकला की खायचा, न् फोन बंद झाला की दाराकडं बघत बसायचा."

"अजून तसंच?"

"न्हाय. परवा माझ्या हातनं पेरू खाल्ला. रामसूरतला सांगितलं तर त्यानं दोनदा विचारून खात्री केली. मग म्हणाला, दीदी, अब हम फोन नहीं करेंगे. उसको आपका होने दीजिए."

"शहाणा हाय."

"हां. आज सकाळी मीच त्याला फोन लावला. काही बोलू नको म्हटलं, आणि मोबाईल पिंजऱ्याजवळ ठेवला. पोपट आपला बडबडत होता."

"मग काय म्हणाला तो?"

"काहीच न्हाय. पण पोपट गप्प झाला तरी फोन ठेवला न्हाय त्यानं."